गाडी हुबळीत, घर पुण्यात

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याहून बंगळूरकडे निघालेली गाडी कोल्हापूर, बेळगाव, धारवाड मागे टाकून हुबळीच्या बायपासला लागते, तेव्हा घर सव्वाचारशे किलोमीटर मागे राहिलेलं असतं. धारवाडजवळच्या नरेंद्रपासून हुबळीच्या गब्बूरपर्यंतचा हा साधारण तीस किलोमीटरचा पट्टा. पुढचा-मागचा महामार्ग चौपदरी झाला, तरी हा तुकडा वर्षानुवर्षं दोनपदरीच राहिला. जानेवारी २०२१ मध्ये दावणगेरेहून गोव्याकडे निघालेल्या महिलांच्या टेम्पो ट्रॅव्हलरला इथंच, इटिगट्टीजवळ अपघात झाला आणि रुंदीकरणाच्या मागणीला धार आली. समजा, याच रस्त्यावर तुमच्या गाडीला धडक बसली. माणसं थोडक्यात बचावली, गाडीचं तोंड मात्र चेपलं. गावात ओळखीचं कुणी नाही, भाषा कानडी. पुढचे दोन दिवस कसे काढायचे, ते आज पाहू. हुबळी उदाहरणापुरती. सोलापूरच्या माणसानं हैदराबाद धरावं, नाशिकच्यानं सुरत.

पहिली पाच मिनिटं. इंजिन बंद, हॅझर्डचे दिवे चालू, आणि माणसं गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला, कठड्याच्या पलीकडे. एअरबॅग फुटली असेल तर आत पांढरी पूड उडते आणि फटाक्यांसारखा वास येतो. गाडी पेटली असं वाटून लोक जखमी माणसाला मान धरून ओढून काढतात. ते टाळा. खरी आग किंवा पेट्रोलचा वास नसेल, तर मान दुखतेय म्हणणाऱ्याला जागेवरच बसू द्या. लाल त्रिकोण गाडीच्या मागे किमान पन्नास मीटरवर ठेवायचा, म्हणजे मोजून सत्तर पावलं. वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा. दोन-चार मीटरवर ठेवलेला त्रिकोण ट्रकवाल्याला दिसेपर्यंत ट्रक तुमच्यापर्यंत आलेला असतो.

मग फोन. ११२ हा पोलीस आणि रुग्णवाहिकेसाठी, १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा. पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘कुठे आहात?’ तेव्हा ‘हुबळीच्या जवळपास’ या उत्तरानं काम होत नाही. कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा वाचून सांगा. दगड दिसत नसेल तर मोबाइलवर शेवटच्या टोलचा फास्टॅगचा मेसेज उघडा, त्यात नाक्याचं नाव असतं. त्यावरून अंतर सांगता येतं.

दवाखान्याचं थोडक्यात सांगतो. रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारनं मे २०२५ मध्ये कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दर माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार त्यात बसतो. मात्र अपघात झाल्याची खातरजमा पोलिसांकडून व्हावी लागते, म्हणून ११२ ला केलेला फोन इथं उपयोगी पडतो. रुग्णालय अशा रुग्णाची नोंद एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून करतं. तो नंबर लिहून घ्या, पुढे पोलीस आणि विमा कंपनी दोघंही मागतात. आणि ‘मला काही झालं नाही’ म्हणणाऱ्यावर त्या रात्री लक्ष ठेवा. सीटबेल्टचा पट्टा पोटावर उमटला असेल आणि काही तासांनी पोट दुखायला लागलं, किंवा डोक्याला मार बसून उलट्या किंवा गुंगी सुरू झाली, तर लॉजवरून उठून पुन्हा दवाखाना गाठायचा.

आता गाडी. सगळ्यात महाग चूक इथंच होते आणि ती अगदी साधी दिसते. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, ‘स्टार्ट मारून बघा, बाजूला घेऊ.’ गाडी स्टार्ट होते. मग वाटतं, होतेय तर गावापर्यंत नेऊ. चावी फिरवायच्या आधी खाली वाकून बोनेटखालची जमीन बघा. नितळ पाणी टपकत असेल आणि एसी चालू होता, तर ते एसीचं, सोडून द्या. हिरवं, गुलाबी किंवा निळसर, जरा चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट, म्हणजे रेडिएटर फुटला. काळसर तपकिरी, बोटावर घोळणारं असेल तर इंजिन ऑइल. इंजिनखालचं ऑइलचं भांडं, म्हणजे चेंबर, दुभाजकाला किंवा दगडाला लागून तडकला असणार. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर ओघळ असेल तर ब्रेक ऑइल. कूलंट गेलेलं इंजिन काही मिनिटं चाललं तरी तापून त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकतं आणि त्याखालचं गॅस्केट जातं. ऑइल गेलेलं इंजिन जाम होतं. आणि मग सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारा माणूस, लिहितो की रेडिएटर अपघातानं फुटला, इंजिन मात्र नंतर गाडी चालवल्यानं गेलं. रेडिएटरचे पैसे मिळतात, इंजिनचे नाकारले जातात. इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घेतलं असेल, तरी त्यातल्या अटी वाचाव्या लागतात. तेव्हा थेंब दिसला की चावी काढायची.

गाडी हलवण्याआधी फोटो काढा. दोन्ही गाड्यांच्या नंबर प्लेट एका चौकटीत येतील असा एक, चारही बाजूंनी एकेक, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, किलोमीटरचा दगड, आणि डॅशबोर्डवरचं किलोमीटरचं रीडिंग. समोरच्याचं लायसन्स, आरसी आणि विम्याचा कागद यांचेही. ‘पाच हजार घ्या, मिटवा’ असं कुणी म्हणालं किंवा तुम्हाला म्हणावंसं वाटलं, तरी ‘चूक माझी’ असा कागद लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, ही तुमच्या पॉलिसीतलीच अट असते.

क्रेनकडे येऊ. अपघातानंतर एखादी क्रेन न बोलावता येते. १०३३ वरून येणारी क्रेन रस्ता मोकळा करण्यासाठी असते, तुमची गाडी हव्या त्या गॅरेजला पोचवणं हे तिचं काम नव्हे. खासगी क्रेनवाल्याचं बहुधा एखादं ठरलेलं गॅरेज असतं आणि गाडी तिथं टाकल्याचं त्याला कमिशन मिळतं. म्हणून हूक अडकवण्याआधी कुठं न्यायचं, एकूण किती घेणार आणि गाडीचा नंबर घातलेली पावती देणार का, हे विचारून घ्या. साध्या मोटार पॉलिसीत ओढून नेण्याचे जास्तीत जास्त १,५०० रुपये मिळतात. रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर आधी त्यांना फोन करा, किती किलोमीटरपर्यंत फुकट हेही विचारा. गाडी ऑटोमॅटिक, फोर-व्हील ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक असेल तर अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट फ्लॅटबेडच मागा. इंजिन किंवा मोटर जी चाकं फिरवते ती जमिनीवर ठेवून ओढली की गिअरबॉक्स किंवा मोटर जाते. ओढायचा हूक डिकीत, जॅकच्या शेजारी असतो. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, बसत नाही म्हणून हातोडी मारण्याआधी उलटा फिरवून बघा.

पोलिसांचं काम त्याच दिवशी संपवणं बरं. कुणी जखमी असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकाला तीन गोष्टी सांगतं: जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना कळवायचं, विमा कंपनीला कळवायचं. जमाव भडकला असेल तर तिथं थांबण्याची सक्ती नाही. सरळ जवळचं ठाणं गाठा आणि चोवीस तासांच्या आत हकिगत नोंदवा. ‘अपघात’ हा शब्द कानडीतही अपघातच आहे, तेवढी अडचण कमी. जागेच्या पंचनाम्याला मात्र तिकडे ‘महजर’ म्हणतात. विमा कंपनीनं ‘स्पॉट पंचनामा’ मागितला की ठाण्यात महजरची प्रत मागायची. तक्रार तुम्हाला येत असलेल्या भाषेत, स्वतःच्या हातानं लिहून न्या. कानडीत टाइप केलेला मजकूर कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि चालकाचं नाव, या चार जागी झालेली चूक पुढे दावा अडवते. चालवत होती मुलगी आणि लिहिलं बापाचं नाव, असं ‘सोयीसाठी’ बरेच जण करतात. रुग्णालयाच्या कागदावर खरं नाव असतं आणि दावा तिथंच बुडतो. एफआयआर नोंदवला तर त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते.

पोलिसांनी गाडी तपासणीसाठी ताब्यात घेतली तर मोटार वाहन निरीक्षक ती पाहून अहवाल देतो. कलम १३६ प्रमाणे ही तपासणी उरकून चोवीस तासांत गाडी परत द्यायची असते. मोठ्या गुन्ह्यात जप्ती झाली तर मात्र न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवून घ्यावी लागते. त्यासाठी तिथला वकील हवा आणि आरसीवर ज्याचं नाव आहे तो माणूस हवा. मित्राची किंवा भावाची गाडी नेली असेल तर त्याला पहिल्याच तासात कळवा, क्लेम फॉर्मवरही त्याचीच सही लागते. आणि ओळखीच्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाडं देऊन नेली असेल, तर खासगी पॉलिसीवर धंदा केला म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. भाड्यानं चालवायला घ्यायच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात.

आता गॅरेज. विमा कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या आणि हुबळीत त्यांचं कॅशलेस गॅरेज कोणतं ते विचारा. कॅशलेस तुमच्या गावातच चालतं असं नाही, कंपनीशी करार असलेल्या कुठल्याही गावच्या गॅरेजात चालतं. गाडी आत घेताना जॉब कार्ड बनतं, त्यावर दोन गोष्टी लिहून घ्या. एक, ‘सर्व्हेआधी गाडी खोलू नये’. दुसरी म्हणजे सामानाची यादी: स्टेपनी, जॅक, पाना, म्युझिक सिस्टिम, पेट्रोल किती, रीडिंग किती. पन्नास हजारांवरच्या मोटार दाव्याला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्यानं मोडलेला भाग जागेवर बघण्याआधी मेकॅनिकनं तो काढून कोपऱ्यात टाकला, की हा याच अपघातात मोडला कशावरून, हा वाद सुरू होतो.

किती पैसे स्वतःचे जातील, याचा अंदाज त्याच संध्याकाळी घेता येतो. समजा गाडी साडेचार वर्षांची, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कलम, घेतलेलं नाही. बोनेट दहा हजारांचं, बंपर आठ हजारांचा, समोरची काच सात हजारांची. चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर ३५ टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, म्हणून बोनेटचे साडेसहा हजार. प्लॅस्टिक आणि रबरावर ५० टक्के, बंपरचे चार हजार. काचेवर घसारा नाही, पूर्ण सात. झाले साडेसतरा हजार, त्यातून दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीसाठी मालकानं सक्तीनं सोसायचे एक हजार वजा. पंचवीसातले साडेसोळा हजार कंपनीचे, साडेआठ तुमचे. एअरबॅग आणि बॅटरीवरही ५० टक्केच. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर जातो असं दिसलं, तर कंपनी टोटल लॉसचं, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडी पूर्ण गेली असं धरण्याचं, बोलते. तेव्हा गाडी घरी ओढून आणायचा खर्चच करू नका.

मग गाडी तिथंच दुरुस्त करायची की पुण्याला आणायची? फक्त पत्रा, बंपर, दिवे असतील तर तिथंच सोडा. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, वाकली असेल, एअरबॅग उघडल्या असतील, तर काम काही आठवडे चालतं. ज्या गॅरेजला पुन्हा पुन्हा भेट देता येईल तेच बरं, भले ओढून आणायला पदरचे पैसे जावोत. त्यासाठी सर्व्हेअरनं हुबळीत गाडी पाहिलेली हवी आणि हलवायला कंपनीची ईमेलवर संमती हवी. गॅरेज बदलताना आधीचं गॅरेज दिवसाचं पार्किंग लावतं, हेही हिशेबात धरा.

हुबळी सोडण्यापूर्वी गाडीतून मूळ कागद आणि घराच्या किल्ल्या काढा, गॅरेजला झेरॉक्सच द्या. काच फुटली असेल तर फास्टॅगही गेला. त्याचा फोटो काढून बँकेकडून नवा मागवा, नाहीतर गाडी परत आणताना टोलवर अडाल. समोरच्या गाडीवर भरपाईचा दावा लावायचा असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. तो हुबळीतच लावला पाहिजे असं नाही, तुम्ही राहता तिथंही चालतो. तारखांसाठी कर्नाटकात खेटे घालावे लागतील म्हणून भरपाई सोडून देणारे लोक आहेत, त्यांना हे सांगायला हवं.

गाडी तयार झाल्याचा फोन आला की सकाळी लवकर पोचा. सही करण्याआधी आठ-दहा किलोमीटर चालवून बघा. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग एका बाजूला ओढतं का, ब्रेक दाबल्यावर गाडी वाकडी जाते का, एअरबॅगचा दिवा चावी लावल्यावर लागून विझतो का. जो लागतच नाही, त्याचा बल्बच काढून टाकलेला असू शकतो. आणि गाडी रात्रभर जिथं उभी होती, तिथली फरशी वाकून बघा. हिरवा, गुलाबी किंवा तपकिरी थेंब असेल, तर गाडी अजून त्यांचीच.

नमस्कार.