राखणदार

हे जे स्क्रीनवर दिसायलंय ना, ते सोयाबीन आहे. काळं पडलेलं, शेंगेतच कोंब फुटलेलं. सप्टेंबर २०२५ ला बीड, धाराशिव, लातूरकडं जो पाऊस झाला त्यातून हाती लागलेलं. आणि ही पिशवी चाललीय चर्चला, हंगामाच्या सणाला. या सणाला जे पिकलं त्यातलं थोडं देवापुढं आणायचं, नंतर त्याचा लिलाव, कोंबडी, भोपळा, गूळ, ज्वारी, बोलीवर बोली, नुसती धमाल असते. यंदा आजी हे घेऊन आल्या. "जे पिकलं तेच आणलं की!"

आणि याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा घोटभर नव्हतं, आता रानात तळं. हवा एक अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवते, म्हणून पडला की असा ढगफुटीसारखा पडतो.

मग ही देवाची करणी म्हणायची का माणसाची?

१९६७ मध्ये लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं बोट थेट चर्चकडं दाखवलं. त्याचं म्हणणं असं की बायबलात माणसाला पृथ्वीवर सत्ता दिलीय, पाश्चात्त्य ख्रिस्ती जगानं ती मनावरच घेतली आणि निसर्गाला ओरबाडलं. लई लोकांना झोंबलं ते. पण पूर्ण खोटं होतं असं मला तरी वाटत नाही.

फक्त एक आहे, बायबलातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सत्ता आहे, तर दुसऱ्याच अध्यायात, १५ व्या वचनात, देव माणसाला बागेत ठेवतो ते मशागत आणि राखण करायला. राखण! हा शब्द आपल्याकडं कुणाला समजावून सांगायची गरज नाही, ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन बसतो त्याला विचारा, रान त्याचं नसतं पण एक पाखरू बसू देत नाही. चर्चमधे याला कारभारीपण म्हणतात (आपल्याकडं कारभारी म्हणजे नवरा, ते सोडा).

बायबलातल्याच लेवीय या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात तर सरळ सांगितलंय, सातव्या वर्षी जमीन पड ठेवा, तिला विसावा द्या, कारण जमीन देवाची, तुम्ही नुसते उपरे. आणि आपण काय करायलोय? ऊस, मग खोडवा, मग परत ऊस, आणि पाण्यासाठी बोअरवर बोअर. प्रवचनात हे कुणी बोलत नाही, कारण ऐकणाऱ्यांत ऊसवालेच बसलेले असतात.

२०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढलं, त्यात त्यांनी पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितलं. मला यातलं हेच सगळ्यात पटतं. ज्यांनी जगभर कोळसा आणि तेल जाळून पैसा केला ते वेगळेच, आणि ज्या आजीकडं धड मोटारसायकल पण नाही तिचं सोयाबीन सडतं. म्हणजे हा प्रश्न हवामानखात्याचा नाही, न्यायाचा आहे.

लिलावात त्या पिशवीचा नंबर आला. बोलणारा थोडा थबकला, मग दहा रुपयांपासून सुरू केलं, कुणीतरी शंभरला घेतली. टाळ्या पडल्या. आजी मागून ओरडल्या, "पिशवी तेवढी वापस द्या बरं!"