हात न टेकता

मंडळी, निरोप समारंभात एक वाक्य हमखास कानावर येतं: 'आयुष्यभर खूप राबलात, आता निवांत बसा.' बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. घोळ पुढे होतो, कारण आपण ते फारच मनावर घेतो.

निवृत्तीनंतर काय करावं यावर बोलणारे छंद जोपासा, माणसं जोडा, मन प्रसन्न ठेवा असं सांगतात. सगळं खरं आहे, आणि तुम्ही ते पुष्कळदा ऐकलंय. म्हणून मी आज फक्त मांड्यांबद्दल बोलणार आहे. हसा, हसा खुशाल! पण गाण्याच्या क्लासला जायचं काय, जुन्या मित्राकडे जायचं काय, आधी खुर्चीतून उठता आलं पाहिजे. कुणी हात न देता उठता येतं, तोवर माणूस आपल्या मर्जीचा मालक असतो.

पन्नाशीनंतर स्नायू थोडेथोडे घटू लागतात आणि त्यांची ताकद तर त्याहून भराभर उतरते. हे लक्षात येत नाही, कारण आपण गुपचूप तडजोडी करत जातो. उठताना खुर्चीच्या हातांवर भार टाकतो, जिन्यात कठडा सोडत नाही, खालच्या कप्प्यातली वस्तू 'उद्या बघू' म्हणून तिथेच ठेवतो. त्यात घरचे मदतीला तत्पर. 'बाबा, तुम्ही बसा, मी आणतो.' पाणी हातात, चष्मा हातात, फोन हातात. लाड म्हणून छानच, पण पायांची त्यात उपासमार होते.

2007 मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी 67 वर्षांच्या, चांगल्या धडधाकट माणसांना 10 दिवस अंथरुणावर पडून राहायला लावलं. आजार काही नाही, जेवणखाण व्यवस्थित. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो वजन गेलं, तेही चरबी सोडून, म्हणजे मुख्यतः स्नायूंचं. गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे 16 टक्क्यांनी उतरली. तेव्हा आठवडाभराच्या आजारपणानंतर कुणी ज्येष्ठ माणूस 'पायांत जीवच राहिला नाही' म्हणाला, तर तो कांगावा करतोय असं समजू नका.

आता मला आवडणारी गोष्ट सांगतो. 1990 सालची, बोस्टनमधल्या वृद्धांच्या एका शुश्रूषागृहातली. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या 86 ते 96 वयाच्या 10 अशक्त रहिवाशांना 8 आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. वजनही लुटुपुटूचं नव्हे, ज्याला जितकं जास्तीत जास्त झेपेल त्याच्या 80 टक्के. शेवटपर्यंत टिकले 9 जण. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. मांडीचे स्नायू जाड झाले. आणि दोघांनी हातातली काठी सोडली! नव्वदीत, मंडळी. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण त्यांच्या मुलांच्या वयाचे असाल.

काही जणांना विक्रमवीरांची उदाहरणं लागतात. फ्रान्सचे सायकलपटू रोबेर मार्शाँ वयाच्या शंभराव्या वर्षी एका तासात 24.25 किलोमीटर गेले, आणि 102 व्या वर्षी त्याहून जास्त, 26.927 किलोमीटर. ऐकून छाती दडपते. मला मात्र ते काठी सोडणारे दोघे जास्त जवळचे वाटतात. त्यांना कुणाला हरवायचं नव्हतं.

आपल्याला काय करायचंय? हात नसलेली, न डगमगणारी खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवा. बैठकीच्या मध्यापर्यंत पुढे सरकून बसा. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. इथेच बहुतेकांचं चुकतं. पाय पुढे पसरलेले असले की कितीही जोर लावा, शरीर उठत नाही, आणि आपण दोष गुडघ्यांना देतो. हात छातीवर आडवे ठेवा. नाक पावलांच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका, जमीन पायांनी खाली दाबा आणि श्वास सोडत उठा. श्वास कोंडू नका, त्याने रक्तदाब चढतो. पूर्ण ताठ उभे राहा. मग खाली या, पण धप्पकन नाही. मनात चारपर्यंत मोजत, सावकाश. उठण्याचं सगळ्यांना कौतुक असतं, पण कस लागतो तो या बसण्यात. बैठक जवळ आली की अंग सोडून द्यायचा मोह होतो, तो शेवटचा वीतभर प्रवास सांभाळा.

आता एकदा चार न मोजता, जमेल तितक्या भराभर, 30 सेकंदांत किती उठबशा होतात ते मोजून ठेवा. हीच चाचणी दवाखान्यांतही वापरतात. 65 ते 69 वयात पुरुषांच्या 12 पेक्षा आणि स्त्रियांच्या 11 पेक्षा कमी झाल्या, तर पडण्याचा धोका वाढलाय असं मानतात. 80 ते 84 मध्ये हेच आकडे 10 आणि 9 आहेत. हात टेकावे लागले तर गुण शून्य! शून्य आलं म्हणून खट्टू होऊ नका. बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, तिथून सुरुवात करा, आणि जमायला लागलं की उशी काढा.

'पण मी रोज चालतो की!' असं कुणीतरी म्हणणारच. चाला, जरूर चाला. 10,000 पावलांचा धसका मात्र घेऊ नका. तो आकडा 1960 च्या दशकातल्या एका जपानी पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे रूढ झाला. सरासरी 72 वर्षांच्या स्त्रियांच्या 2019 मधल्या अभ्यासात फायदा साधारण 7,500 पावलांपर्यंत वाढत गेला, त्यापुढे फारसा नाही. पण सपाट रस्त्यावरच्या चालण्याने मांड्यांवर पुरेसा भार येत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना चालण्याजोडीला आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करायला सांगते.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नका, एक दिवस सोडून करा. गुडघ्यात कळ आली तर बैठक उंच करा. हृदयाचा त्रास असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. पहिले काही दिवस घरातल्या कुणाला तरी शेजारी उभं करा. फक्त त्यांना आधीच बजावून ठेवा, हात द्यायचा तो तोल गेला तरच.