बातमी आणि मत यांमधले अंतर

(गोव्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

प्रसारमाध्यमांचा लोकांवर प्रभाव पडतो का, असे कोणालाही विचारले तर तत्काळ ‘हो’ असे उत्तर येते. पण तोच प्रश्न ‘तुमच्यावर पडतो का’ असा विचारला की बहुतेक जण मान हलवून नकार देतात. डेव्हिसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1983 साली नेमक्या याच प्रवृत्तीवर बोट ठेवले: जाहिरात, प्रचार, अफवा यांना बळी पडतो तो नेहमी दुसरा कोणीतरी, असे प्रत्येकाला वाटत असते. आज या सभागृहात बसलेले आपण सर्वही त्याला अपवाद नसावेत, वक्ता तर नाहीच. म्हणून प्रभाव पडतो की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून तो कोणत्या वाटेने येतो, एवढ्याचाच विचार मी करणार आहे.

छापलेला किंवा ध्वनिक्षेपित शब्द माणसाच्या मनात थेट शिरतो आणि त्याचे मत बदलून टाकतो, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेकांना वाटत होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट तर या समजुतीवरच उभी होती. पोर्तुगीज गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी अभ्यवेक्षकाच्या, म्हणजे सेन्सॉरच्या, नजरेखालून जात असे. ही खबरदारी आज हास्यास्पद वाटते, पण तिच्यामागे एक तर्क होता: चार माणसे एकत्र येतील असा कोणताही कागद सरकारला धोक्याचा वाटत होता. या पहाऱ्याला वळसा घालण्यासाठी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1955 ते 1961 या काळात सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त आकाशवाणी केंद्र चालवले. अशा प्रक्षेपणाची ताकद एकट्या श्रोत्यापुरती राहत नाही. ऐकलेली बातमी तो दबक्या आवाजात आणखी कोणाला सांगतो, आणि अभ्यवेक्षकाची लेखणी तिथवर पोहोचत नाही.

ऐकणाऱ्याकडून पुढच्याकडे, हा टप्पा अभ्यासकांच्या नजरेत आला तो 1940 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील एरी परगण्यात सहाशे मतदारांना मे ते नोव्हेंबर दरमहा भेटून प्रश्न विचारले. प्रचारामुळे पक्ष बदलणारे फारच थोडे निघाले. बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले होते. अनेकांनी असेही सांगितले की आपल्याला पटले ते वर्तमानपत्रापेक्षा ते वाचणाऱ्या ओळखीच्या माणसाचे बोलणे. पुढे 1968 साली मॅक्कोम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी अमेरिकेतल्याच चॅपल हिल येथे मत निश्चित न केलेल्या शंभर मतदारांचा अभ्यास केला, तेव्हा दुसरी बाजू दिसली: मतदारांना जे प्रश्न महत्त्वाचे वाटत होते त्यांचा क्रम आणि माध्यमांनी ज्या प्रश्नांना जागा दिली होती त्यांचा क्रम जवळजवळ जुळत होता. थोडक्यात, कशावर बोलायचे हे बऱ्याच अंशी माध्यमे ठरवतात. काय बोलायचे हे माणसे आपसांत ठरवतात.

गोव्याने याचा सर्वांत मोठा अनुभव 16 जानेवारी 1967 रोजीच्या जनमत कौलात घेतला. महाराष्ट्रात विलीनीकरण की स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश, असे दोनच पर्याय मतदारासमोर होते. एकाचे चिन्ह फूल, दुसऱ्याचे दोन पाने. ‘गोमन्तक’ हे दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने उभे होते. त्याच्या विरोधात चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखालील ‘राष्ट्रमत’ होते आणि त्यात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर होते. माझ्या मते या लढ्यातला सर्वांत कुशल डाव असा की विलीनीकरणविरोधी युक्तिवाद मराठीतून मांडला गेला. ज्या वाचकाला महाराष्ट्र जवळचा वाटत होता, त्याच्यापर्यंत तो त्याच्या सवयीच्या वाचनातून पोहोचला. इंग्रजी किंवा पोर्तुगीज पत्रातले तेच म्हणणे त्या घरात कोणी उघडूनही पाहिले नसते. ज्यांच्या हाती कोणतेच पत्र पडत नव्हते, त्यांच्यापर्यंत उल्हास बुयांव यांची गाणी आणि तियात्र, म्हणजे कोकणी लोकनाट्य, गेले. बाजारात, न्हाव्याच्या दुकानात, देवळाच्या चौकात चर्चा झडल्या. विलीनीकरणाच्या विरोधात 1,72,191 आणि बाजूने 1,38,170 मते पडली.

हा पत्रकारितेचा विजय म्हणून सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती पूर्ण खरी असती, तर पुढची घटना घडायलाच नको होती. त्यानंतर काही आठवड्यांतच, मार्च 1967 मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच भाऊसाहेब बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली पुन्हा सत्तेवर आला. पत्रे तीच, वाचकही तेच. पण मुंडकाराला (दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्याला) आणि कुळाला भाटकारासमोर, म्हणजे जमीनदारासमोर, ताठ उभे राहण्याची आशा ज्या पक्षाने दिली, त्याला मत देताना त्यांनी कोणत्याही सदराचा सल्ला घेतला नाही. अनुभवाच्या जागी माध्यमाचा शब्द तोकडा पडतो; जिथे स्वतःचा अनुभव नसतो, तिथे मात्र तो फार लांबवर चालतो. दिल्लीतल्या किंवा परदेशातल्या घटनेविषयीची आपली जवळजवळ सारी चित्रे उसनी असतात.

पुनरावृत्तीचा परिणाम इथेच सर्वाधिक होतो. 1977 सालच्या एका प्रयोगात असे आढळले की पुन्हा पुन्हा कानावर पडलेले विधान, मग ते खोटे का असेना, लोकांना अधिक खरे वाटू लागते. पूर्वी ही पुनरावृत्ती करण्यासाठी छापखाना किंवा प्रक्षेपण केंद्र लागत असे. आता कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप गट पुरतो. लाझार्सफेल्डच्या काळात दुसऱ्या टप्प्यावरचा माणूस निदान काही वाचून, त्यात स्वतःचे चार शब्द घालून बोलत असे, आणि ऐकणाऱ्याला त्याला अडवता येत असे. आज तो मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलतो, पण त्यावर त्याच्या नात्याचा शिक्का मात्र उमटतो. थोरल्या काकांनी पाठवलेल्या मजकुरावर शंका घेणे म्हणजे काकांवर शंका घेणे, असे घराघरात मानले जाते. एखाद्या संपादकाला इतकी सूट कधी मिळाली नाही.

2018 साली देशात अफवांमुळे जमावाने माणसे मारल्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली गेली, आणि असे संदेश जागतिक पातळीवर सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. संदेशातला मजकूर कंपनीलाही वाचता येत नसल्याने त्या घटीत अफवा किती होत्या आणि सुप्रभातची फुले किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.