पत्ता शोधणाऱ्या बाई

आमच्या या चित्रफितीत दिसणारी नागपूर रेल्वे स्थानकाची ही दगडी इमारत १९२५ सालची आहे. दिल्ली–चेन्नई आणि हावडा–मुंबई हे दोन्ही लोहमार्ग येथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे घर सोडून निघालेली मुले चारही दिशांनी याच फलाटांवर उतरत आली आहेत. रेल्वे पोलीस अशा मुलाला निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी होईपर्यंत मुलांना ठेवण्याच्या घरात, आणून सोडत, तेव्हा पुढचे काम बाईंचे असे. त्या परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाची आणि त्याच्या घरची चौकशी करून अहवाल देणाऱ्या अधिकारी, होत्या, पण मुलांसाठी त्या केवळ ‘बाई’ होत्या.

पहिल्या दिवशी बाई मुलाला नाव विचारत नसत, कारण घाबरलेले मूल खोटे नाव सांगते आणि मग तेच धरून बसते. गावाला नदी आहे का, आई चुलीवर काय रांधते, जत्रा कोणत्या देवाची भरते, असे विचारता विचारता त्याची बोली कानावर पडे. ती छत्तीसगढी आहे की पूर्व विदर्भातली झाडीबोली, हे ओळखू आले की अर्धा पत्ता हाती लागला, असे त्या घरी सांगत. मग तिकडच्या पोलीस ठाण्याला आणि शाळेला पोस्टकार्ड जाई आणि उत्तर आले की बाई स्वतः गृहचौकशीला निघत. नागपूरच्या इतवारी स्थानकाहून नागभीडला जाणाऱ्या छोट्या रेल्वेने त्यांनी किती फेऱ्या केल्या, याचा हिशेब घरात कुणापाशीच नाही. ती गाडीही २०१९ मध्ये बंद झाली. मुलाच्या घरी त्या ओसरीवर न थांबता थेट चुलीपाशी जाऊन बसत. खाणारी तोंडे किती, मारतो कोण, शाळा केव्हा सुटली, हे तिथेच कळते. कार्यालयात बसून भरलेल्या अहवालात ते उतरत नाही, आणि म्हणूनच ही रीत आम्हाला इतक्या तपशिलाने सांगावीशी वाटली.

१९८६ चा बाल न्याय कायदा आला, २००० च्या कायद्याने बालकल्याण समित्या आल्या, अहवालांचे नमुने बदलले. बाईंचे चुलीपाशी बसणे तेवढे बदलले नाही.

नागपूरच्या महाल भागातले हे त्यांचे घर. यजमान छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, होते. रात्रपाळीहून आल्यावर मुलांचे डबे तेच भरत. कपाटावरचा हा लाकडी नंदी थोरल्या लेकीचा दुसरा नंदी आहे. पहिला आईने एका तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुले लाकडी नंदी मिरवतात त्या सणाला, निरीक्षणगृहातल्या मुलाच्या हाती दिला होता. त्याबद्दल लेकीचे बोलणे तिच्याच तोंडून ऐकावे.

निवृत्तीनंतर गुडघे गेले, पाठोपाठ यजमान गेले आणि मागच्या उन्हाळ्यात बाईही गेल्या.

लोखंडी कपाटातल्या या त्यांच्या डायऱ्या. मुलांची खरी नावे आणि गावे त्यांत लिहिलेली आहेत आणि अशा मुलांची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. धाकट्या मुलाने त्या आमच्यासमोर ठेवल्या, पण उघडल्या नाहीत. आम्हीही त्या मिटलेल्याच चित्रित केल्या आहेत.