न दिसणारी दुखापत आणि टक्क्यांचा हिशेब

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, मेंदूला मार लागलेल्या, पण वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाने दिव्यांगत्वाचे लाभ कसे मागावेत, हा आजचा विषय आहे. त्याआधी आमच्या दाजींची हकीकत ऐकावी लागेल, कारण माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो.

दाजींचे किराणा दुकान. दुचाकीवरून पडले, डोक्याला मार लागला आणि सीटी स्कॅनमध्ये विशेष काही निघाले नाही. (मेंदूतले तंतू तुटले तरी ते त्यात अनेकदा दिसत नाहीत, हे समोरच्या डॉक्टरमंडळींना मी सांगायला नको.) पुन्हा गल्ल्यावर बसले, तेव्हा एकाची उधारी वहीत दोनदा मांडली जाऊ लागली, दुसऱ्याची मांडलीच जाईना, आणि ज्यांनी कधी कुणाला अरे-तुरे केले नव्हते, ते सुट्या पैशांवरून गिऱ्हाइकांच्या अंगावर धावून जाऊ लागले. दुपारनंतर तर शेजारच्या चक्कीचा आवाजही त्यांना सोसत नसे.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तपासणीची वेळ मिळाली सकाळची, म्हणजे त्यांचे डोके सर्वांत ताजे असते तेव्हाची. सरकारी दवाखान्यात जायचे म्हणून ताईने सदऱ्याला इस्त्री करून दिली. तिथे त्यांना चालायला लावले, हात वर करायला लावले आणि पंतप्रधान कोण, असे विचारले. दाजींनी अचूक सांगितले. सकाळच्या गोळ्या घेतल्या का, हे त्यांना सांगता आले नसते. पण ते कोणी विचारलेच नाही. ताई बोलायला लागली, तर तिला बाहेर थांबायला सांगितले. कागदावर अपंगत्वाचा चाळीस टक्क्यांच्या आतला आकडा पडला. इस्त्रीचेच काही टक्के गेले असावेत, असा माझा संशय आहे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत; पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, मात्र अपघाताने मेंदूला झालेली इजा स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे दुसऱ्या दाराने जावे लागते: वाचा गेली असेल तर वाचा व भाषा, हातपाय लुळे असतील तर अस्थिव्यंग, आणि स्मृती व विवेक बिघडला असेल तर मानसिक आजार. या शेवटच्या दाराशी ‘आमचा माणूस वेडा नाही’ म्हणत कुटुंबे माघारी फिरतात. पण कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, स्मृती आणि दैनंदिन गरजा भागवण्याची क्षमता हे सारे आहे.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली, म्हणून मुख्य मुद्दा घाईने सांगतो. मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ ही मोजपट्टी वापरतात. तीत स्वतःची देखभाल, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम यांना गुण असतात, व आजाराच्या कालावधीचेही धरतात. ही माहिती सांभाळणाऱ्या माणसाकडून घेणे अपेक्षित असते. म्हणून घरच्यांना खोलीत बसू द्या, असा लेखी आग्रह धरा. काय विसरले, कुठे चुकले, केव्हा थकले, याची तारीखवार वही ठेवा आणि न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणीचा, म्हणजे स्मृती, लक्ष आणि विचारशक्ती मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल जोडा.

चाळीस टक्क्यांखाली बहुतेक योजनांची दारे बंद असतात, आणि केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला तर ८० टक्के लागतात. आकडा मान्य नसेल, तर त्याच २०१६च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येते. अपघाताच्या भरपाईचा दावा मात्र वेगळा चालतो: राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाई बुडाल्याची टक्केवारी नव्हे. तेव्हा प्रमाणपत्रावर आकडा कमी असला, तरी वकिलापुढे उधारीची वही ठेवाच.