कळकाचा स्पीकर

(कोयत्याचे घाव. निवेदन पाच सेकंदांनी सुरू.)

काटेकळकाच्या, म्हणजे काटेरी बांबूच्या, बेटात शिरायचं तर आधी वाट तोडावी लागते. काका अर्धा तास नुसत्या फांद्याच छाटतायत. काठीला अजून हातही लागलेला नाही.

कुडाळच्या बाजूला बांबू म्हटलं की माणगा. सरळ, बिनकाट्याचा, दारातल्या कुंपणाला लावलेला. मांडवाला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण माणगा बुडाशी जवळजवळ भरीव असतो आणि आपल्याला करायचाय फोन ठेवायचा बिनविजेचा स्पीकर, त्याला हवी पोकळी. म्हणून कळक. म्हणून हातावरचे हे ओरखडे.

(काठी बेटातून ओढली जाते.)

काठी निदान तीन वर्षांची हवी. तोडायची पावसाळा सरल्यावर, आणि जुनी माणसं सांगतात, अंधाऱ्या पंधरवड्यात. चंद्राचं राहू द्या, पण कोंब वाढवण्यात बेटाची पिठाची (स्टार्चची) साठवण तोवर खर्च झालेली असते, हे खरं. भुंगा येतो तो काठीतल्या पिठासाठी. उरलंसुरलं पीठ वहाळ काढून नेतो: दोन-तीन आठवडे, वाहत्या पाण्यात, दगडाखाली. मग सावलीत वाळवण. उन्हात टाकली की काठी तडकलीच.

हेच पेर का निवडलं? बुडाची पेरं जाड, आतलं भोक लहान. शेंड्याची पातळ. काका मधलं पेर बोटाने वाजवून बघतात.

(टकटक. निवेदन थांबते.)

करवतीने दोन्ही टोकं कापली. आता वरची खाच. फोन आठ-नऊ मिलिमीटर जाड, वर कव्हर. खाच सैल झाली तर फोन डुलतो, घट्ट झाली तर पेर चिरतं. ओळीने भोकं, मग पटाशी, मग कानस. शेवटी पॉलिशपेपर आणि जवसाच्या तेलाचा हात. या पिवळ्या भुकटीकडे बघत राहावंसं वाटतं. आम्ही चित्रीकरणात तेच केलं.

यात वायर नाही, चुंबक नाही, बॅटरी नाही. मग आवाज वाढतो कसा? खरं सांगायचं तर बांबू पदरची ऊर्जा काहीच घालत नाही. फोनच्या स्पीकरचा पडदा चिमुकला. त्याची थरथर मोकळ्या हवेत नीट उतरत नाही. नळीतली हवा मधे आली की ती उतरू लागते, नळीच्या लांबीला जुळणारे सूर घुमतात आणि आवाज दोन तोंडांनी नेमक्या दिशेला जातो. चावीचा ग्रामोफोन कर्ण्याच्या जोरावर असाच वाजायचा, विजेशिवाय.

खर्ज मात्र मागू नका. ही नळी फूटभर, ती साधारण साडेपाचशे हर्ट्झच्या आसपास घुमते. शंभर हर्ट्झ घुमवायचे तर नळी पावणेदोन मीटर लागेल. डग्ग्यापेक्षा गळा इथे जास्त खुलतो.

आणि हा बांबू 2017 पर्यंत भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत झाड होता! वनस्पतिशास्त्र त्याला कधीपासून गवत म्हणत आलंय. त्या वर्षी दुरुस्ती झाली, बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला आणि स्वतःच्या परड्यातली काठी तोडून नेणं सोपं झालं.

ब्लूटूथ स्पीकरची लिथियमची बॅटरी काही वर्षांत दमते, मग अख्खा डबा ई-कचऱ्यात जातो. हे पेर चिरलं तर चुलीत जाईल. विक्री अजून ओळखीपाळखीतच चालते.

(संध्याकाळ. पडवी. काका फोन खाचेत ठेवतात, स्पीकरची बाजू खाली.)

गेल्या जत्रेतल्या दशावताराचं पद आहे. काकांनीच फोनवर घेतलेलं.

(निवेदन संपते. पद चालू राहते.)