पहिला फ्लॅट टीव्ही घेताय? दुकानाआधी घरात टेप लावा

(कॅमेऱ्यासमोर, हातात शिवणकामाची टेप)

नमस्कार. ही टेप बघा. आईच्या शिलाई मशीनच्या खणातून काढून आणलीये. टीव्ही घ्यायला निघालात ना, तर पाकिटाच्या आधी ही बाहेर काढा.

तुमचे रोज मेसेज येतात. “ताई, घरात अजून डब्बा टीव्ही आहे, बजेट बारा हजार, कुठला घेऊ?” मॉडेलचं नाव मी सांगेन हो, पण तुम्ही कुठे बसून टीव्ही बघता हे कळल्याशिवाय सांगितलेलं नाव म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल आणण्यासारखं आहे. बारा-पंधरा हजार ही कित्येक घरांत वर्षभराची बचत असते. ती चुकीच्या गोष्टीवर गेली की मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज नीट बसून बोलूया.

रोज जिथे बसता तिथे बसा आणि घरातल्या कुणाला तरी टेपचं दुसरं टोक टीव्हीच्या जागेपर्यंत न्यायला सांगा. दहा बाय बाराची खोली असेल, एका भिंतीला कॉट आणि समोरच्या भिंतीला टीव्ही, तर अंतर साधारण सात-आठ फूट भरतं. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. अर्धा निर्णय इथेच होतो.

कसा, ते सांगते. स्क्रीन म्हणजे बारीक बारीक ठिपके. ‘एचडी रेडी’ लिहिलेल्या टीव्हीत आडवे 1366 आणि उभे 768 ठिपके असतात, ‘फुल एचडी’त 1920 आणि 1080, तर ‘फोर के’मध्ये 3840 आणि 2160. ऐकायला वाटतं, जितके जास्त तितकं बरं. पण डोळ्याला मर्यादा आहे. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक फरक ओळखत नाही.

(टेप उलगडून दाखवत)

32 इंची टीव्हीची स्क्रीन साधारण 71 सेंटीमीटर रुंद असते. या एवढ्या लांबीत 1366 ठिपके बसवले की एक ठिपका होतो अर्ध्या मिलिमीटरचा. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका सहा फुटांवरून सुटा दिसत नाही, तो शेजारच्या ठिपक्यात मिसळून जातो. म्हणजे तुम्ही सात फुटांवर बसत असाल तर 32 इंचात ‘एचडी रेडी’ आणि ‘फुल एचडी’ यातला फरक तुमच्या डोळ्याला जवळपास कळणारच नाही. त्या फरकाचे पैसे मागे ठेवा, पुढे उपयोगी पडतील. कॉटच्या पायथ्याशीच टीव्ही असेल, चार-साडेचार फुटांवर, तर मात्र ‘फुल एचडी’ घ्या. आणि मुलं त्याच टीव्हीला कॉम्प्युटर जोडून अभ्यास करणार असतील तरीही ‘फुल एचडी’च घ्या, कारण अक्षरं जवळून वाचायची असतात.

43 इंचात हिशोब बदलतो. तिथे ‘एचडी रेडी’चा ठिपका आठ फुटांपर्यंत जाणवतो, म्हणून 43 इंचात ‘एचडी रेडी’ कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. ‘फुल एचडी’ साडेपाच-सहा फुटांपासून छान दिसतो. ‘फोर के’चा पूर्ण फायदा 43 इंचात घ्यायचा तर तीन फुटांवर बसायला हवं, आणि तसं कुणी बसत नाही. दुकानात दोघांच्या किमतीत पाचशे-हजाराचाच फरक असेल तर ‘फोर के’ खुशाल घ्या. त्यासाठी चार हजार जास्त मोजू नका.

एक करवाली गोष्टही सांगते, कारण जुना सल्ला अजून फिरतोय. पूर्वी 32 इंचापर्यंत 18 टक्के जीएसटी होता आणि त्याच्या वर 28 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या टीव्हीलाही 18 टक्केच आहे. त्यामुळे “43 वर कर जास्त लागतो, 32 वरच थांबा” असं कुणी म्हणालं तर ते आता खरं नाही.

आता साइझमधली एक गंमत बघा. बरेच जण म्हणतात, “आमचा जुना 21 इंची होता, आता 24 चा घेतो, म्हणजे मोठा होईल.” होत नाही. इंच मोजतात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. जुना टीव्ही चौकोनी, नवा लांबट. 21 इंची जुन्या टीव्हीची उंची साधारण 32 सेंटीमीटर होती, आणि 24 इंची नव्याची 30. म्हणजे जुन्या मालिकेतला तोच चेहरा नव्या टीव्हीवर लहान दिसणार! आजोबा म्हणतात “पहिलाच बरा होता”, आणि आपण हसण्यावारी नेतो, पण त्यांचं बरोबर असतं. 32 इंचाची उंची 40 सेंटीमीटर आहे. डब्बा टीव्हीवरून येणाऱ्या घराने 32 च्या खाली जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचा प्रश्न, तुमच्या घरात चित्र येतं कुठून? डीडी फ्री डिशची छत्री आहे? केबल आहे? की वायफाय आहे आणि सगळं मोबाइलवर बघताय?

फ्री डिशवर महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री मिळतं, खेडोपाडी तीच चालते आणि ती उत्तमच सोय आहे. पण तिथले बहुतेक चॅनेल साध्या दर्जाचे असतात, 576 ओळींचे, म्हणजे उभे 576 च ठिपके. ते चित्र ‘फोर के’च्या स्क्रीनवर टाकलं तर त्यात नवा तपशील कुठून येणार? उलट जितका मोठा टीव्ही तितका ओबडधोबडपणा उघडा पडतो. घरात फक्त फ्री डिश किंवा साधी केबल असेल तर 32 इंची ‘एचडी रेडी’ हाच तुमच्यासाठी चांगला टीव्ही आहे. मनात किंतु ठेवू नका, यात काही कमीपणा नाही. फक्त मागच्या बाजूला लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची जागा आहे ना, हे बघून घ्या. जुन्या सेट टॉप बॉक्सला तीच लागते आणि काही नव्या टीव्हींना ती नसते, किंवा त्यासाठी वेगळी छोटी वायर लागते. बॉक्सला एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या एकाच चपट्या पिनच्या वायरची जागा असेल, तर तीच वायर लावा, चित्र स्वच्छ येतं.

आता दुकानात जाऊया. सोबत एक पेनड्राइव्ह न्या. त्यात तुमच्या मोबाइलवर काढलेला एखादा घरचा व्हिडिओ टाका, लग्नातला, वाढदिवसाचा, कुठलाही, फक्त आपली माणसं त्यात हवीत.

दुकानात जो व्हिडिओ चालू असतो ना, पोपट, धबधबे, कापलेलं कलिंगड, तो टीव्ही विकण्यासाठीच बनवलेला असतो. कलिंगड किती लाल असतं हे आपण ताडून बघत नाही. आपल्या आईचा रंग मात्र आपल्याला पाठ असतो. ती नारिंगी दिसली, की समजायचं या टीव्हीत रंग भडक करून ठेवलेत. मग सेटिंगमध्ये ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल ते काढून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘मूव्ही’ करायला सांगा आणि पुन्हा बघा. त्यानंतर सेट टॉप बॉक्सवर एखादं मराठी बातम्यांचं चॅनेल लावायला सांगा. खालून सरकणारी पट्टी वाचा. अक्षरांना शेपूट फुटत असेल तर क्रिकेटच्या चेंडूलाही फुटणार.

आणि मग, दुकानात खाली बसा. खरंच बसा. आपल्या घरांत सगळे टीव्हीच्या बरोब्बर समोर नसतात. बाबा कॉटवर, मुलं खाली चटईवर, आई स्वयंपाकघराच्या दारातून तिरकी बघते. फ्लॅट टीव्हीत मुख्यतः दोन जातींचे पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारे पडदे, येतात. आयपीएस पॅनल बाजूनेही जवळपास तसाच दिसतो, पण खोलीत अंधार केला की त्याचा काळा रंग राखाडीकडे झुकतो. व्हीए पॅनलचा काळा गडद, सिनेमाला सुंदर, पण बाजूला सरकलं किंवा खाली बसलं की रंग फिके पडतात. खोक्यावर हे बहुधा लिहिलेलं नसतं. म्हणून आधी समोर उभं राहा, मग खाली बसा, मग बाजूला चार पावलं जा आणि चेहऱ्याचा रंग बदलतोय का बघा. एवढ्यात कळतं. सात माणसांच्या घराला आयपीएस बरा. दोघंच समोर बसून रात्री दिवा मालवून सिनेमा बघणार असतील तर व्हीए.

‘ए प्लस ग्रेड पॅनल’ या शब्दांवर जाऊ नका. तो शिक्का कंपनी स्वतःच मारते. तसंच स्वस्त 32 इंची टीव्हीवरचं ‘एचडीआर’, म्हणजे उजळ आणि काळोखे भाग जास्त खुलवून दाखवणारं चित्र. टीव्ही तो सिग्नल घेतो एवढाच त्याचा अर्थ. तो दाखवायला जो लख्ख उजेड लागतो, तो या किमतीच्या स्क्रीनमध्ये नसतो. आवाज मात्र कानाने तपासा. डब्बा टीव्हीचे स्पीकर समोर तोंड करून असायचे, या चपट्या टीव्हींचे बहुतेक खाली तोंड करून असतात. घरात कमी ऐकू येणारं माणूस असेल तर बातम्या लावून दहा फुटांवर उभं राहा आणि शब्द कळतात का बघा.

आता ‘स्मार्ट’. इथे माझ्या मावशीचं सांगते. तिने ऑनलाइन एक 32 इंची टीव्ही घेतला. जाहिरातीत ‘अँड्रॉइड स्मार्ट टीव्ही’, किंमत हजार-दीड हजाराने कमी. घरी आल्यावर यूट्यूब छान चाललं, पण पैसे भरून घेतलेल्या ओटीटी ॲपवर चेहरे पुसट. टीव्हीवाल्यांचा माणूस आला, म्हणाला, नेट स्लो आहे. मी त्याच वायफायवर मोबाइल लावला, चित्र स्वच्छ. दोष नेटचा नव्हताच. अँड्रॉइड कुणीही फुकट टाकू शकतं, पण गुगलची मान्यता वेगळी घ्यावी लागते, आणि ओटीटीवाले एचडी चित्र देण्याआधी टीव्हीत ‘वाइडवाइन एल वन’ नावाची सुरक्षा परवानगी आहे का ते तपासतात. ती नसेल तर बरीच ॲप साध्या दर्जाचंच चित्र सोडतात. मावशीच्या टीव्हीत ती नव्हती. सहा महिने ती बिचारी वायफायवाल्याशी भांडत होती.

म्हणून दुकानातच प्ले स्टोअर उघडून दाखवायला सांगा. ‘गुगल टीव्ही’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं, किंवा सॅमसंगचं टायझेन, एलजीचं वेबओएस यांसारखी कंपनीची स्वतःची पक्की सिस्टीम असावी. भलतंच ॲप स्टोअर निघालं तर उठा.

आणि बजेट फारच ओढाताणीचं असेल तर माझा सल्ला असा, की चांगल्या चित्राचा साधा टीव्ही घ्या आणि पुढे कधी तरी स्टिक लावा, म्हणजे एचडीएमआयच्या जागेत खोचायची छोटी कांडी, तिने साधा टीव्हीही स्मार्ट होतो. स्वस्त स्मार्ट टीव्हीत एक जीबी रॅम असते, तीन-चार वर्षांत तो रिमोटचं बटण दाबल्यावर विचार करायला लागतो. स्टिक जुनी झाली की बदलता येते, स्क्रीन बदलता येत नाही. मावशीचंही शेवटी स्टिकनेच भागलं.

विजेची काळजी फार करू नका. 50 वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला साडेसात युनिट होतात. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, दोन मॉडेलमध्ये अडकलात तर ते बघा.

पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: बिघडला तर माणूस घरी येणार की टीव्ही घेऊन आम्ही यायचं? तालुक्याच्या गावी सर्व्हिस नसेल तर दोन हजारांची बचत जीपच्या भाड्यात जाते. फुटलेली स्क्रीन साध्या वॉरंटीत बसत नाही, आणि नवा पॅनल जवळजवळ टीव्हीच्याच किमतीत पडतो. म्हणून खोकं उघडताना सील दिसेल असा सलग व्हिडिओ काढा, चालू करून चारही कोपरे बघा, मगच डिलिव्हरीवाल्याला सोडा. तक्रार करूनही कुणी दाद देत नसेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. बिल जपून ठेवा.

(टीव्हीच्या बाजूला उभं राहून)

भिंतीवर लावताना कपाटाच्या उंचीवर नेऊ नका. बसलेल्या माणसाची नजर स्क्रीनच्या मध्यावर किंवा जरा खाली पडावी. लहान मुलं ओढतील म्हणून वर लावायचाच असेल तर पुढे झुकणारं स्टँड मागा. आणि जुन्या टीव्हीची काच आपण ओल्या फडक्याने पुसायचो, तसं इथे नको. ही काच नाही, पातळ प्लास्टिकचा थर आहे. बंद करून कोरड्या मऊ कापडाने, हलक्या हाताने पुसा. जुना डब्बा भंगारात फोडायला देऊ नका, त्याच्या काचेत शिसं असतं. एक्स्चेंजमध्ये द्या किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

पहिल्या संध्याकाळी एवढं करा. सुरू करताना टीव्ही विचारतो, ‘होम’ की ‘स्टोअर’? ‘होम’ निवडा. बातम्यांची पट्टी कडेला कापली जात असेल तर पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘ओरिजिनल’ करा. जुन्या चॅनेलवर माणसं जाड दिसत असतील तर ‘4:3’ करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या, चेहरे खरे दिसतील. शार्पनेस थोडा कमी करा, साध्या चॅनेलवरची खरखर जाते.

मापं घेऊन झाली की खाली लिहा: अंतर किती फूट, कनेक्शन कुठलं, कोण कुठे बसतं. मग मॉडेलचं नाव मी तिथे सांगते.